मदत हवी आहे: आंबणाऱ्या पिठाचा आवाज कसा टिपावा?

नमस्कार मंडळी. इडलीचं पीठ आंबताना आत जे बुडबुडे फुटतात, त्यांच्या आवाजावर मी एक ध्वनी-मांडणी करते आहे. येणाऱ्याने भांड्यावर हात ठेवायचा आणि हेडफोनमधून आत काय चाललंय ते ऐकायचं. ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पीठ फुगतं. रोजच्या नाश्त्यातली ही सोबत आपण कधी कान देऊन ऐकलेलीच नाही!

एकेका पेशीचं कंपन ही मात्र वेगळी गोष्ट. २००४ साली यूसीएलए या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या जेम्स गिमझेव्स्की आणि अँड्र्यू पेलिंग यांच्या गटाने अणुबल सूक्ष्मदर्शकाची (सुईने पृष्ठभाग चाचपून अतिसूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या उपकरणाची) सुई यीस्टच्या पेशीला टेकवली. पेशीभित्तिका सेकंदाला सुमारे ८०० ते १६०० वेळा, जेमतेम ३ नॅनोमीटर हलत होती. ती कंपनं त्यांनी आवाजात उतरवली. घरी ते शक्य नाही, आणि बुडबुड्यांना 'जिवाणूंचं गाणं' म्हणणं मला पटत नाही. फलकावर 'बुडबुडे' असंच लिहीन.

अडचण अशी: पिएझो चकती (कंपनाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणारी पातळ चकती) स्टीलच्या डब्याला बाहेरून लावली की ५० हर्ट्झची घरघर येते आणि खालचे स्वर गायब होतात. १ मेगाओहम इनपुटचा प्रीअँप (चकतीचा क्षीण संकेत वाढवणारं सर्किट) कोणी घरी जोडला आहे का? डबा अर्थिंगच्या तारेला जोडून फरक पडेल का? चकती पिठातच बुडवायची तर खाण्याच्या पदार्थाला चालेल असं कुठलं आवरण द्यावं? मांडणीनंतर त्याच पिठाच्या इडल्या सगळ्यांना वाढायच्या आहेत, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.