अभिषेकाचं तेल, टिळा की आणखी काही?

सायली_ना: शेक्सपिअरच्या 'रिचर्ड दुसरा' नाटकातले उतारे रंगमंचावरच्या वाचनासाठी मराठीत करतेय. तिसऱ्या अंकात राजा ठणकावतो, की खवळलेल्या समुद्राचं सगळं पाणीही अभिषिक्त राजाच्या अंगावरचा 'बाम', म्हणजे राज्याभिषेकाचं पवित्र तेल, धुऊ शकणार नाही. चौथ्या अंकात गादी बळकावणाऱ्या बोलिंगब्रोकला मुकुट देताना तोच म्हणतो, माझ्याच आसवांनी मी माझा बाम धुतो. त्याचा सगळा ऱ्हास या दोन ओळींत आहे, म्हणून दोन्हीकडे एकच शब्द हवा. 'अभिषेक' अडतो. आपला अभिषेक पाण्याचाच, पाण्याने पाणी काय धुणार?

सातारकर: अभिषेकच ठेवा. १६७४ला रायगडावर नद्यांचं पाणी आणलं होतं, पण अभिषेक म्हणजे पाणी नव्हे, संस्कार. तो धुतला जात नाही, हेच राजा सांगतोय.

सायली_ना: मग आसवांनी कसा धुतो? पदार्थच हवा.

मालती_जो: टिळा! 'माझ्याच आसवांनी माझा टिळा पुसतो.' नटाचा हात आपोआप कपाळाकडे जाईल.

जुना_वाचक: टिळा घामानेही जातो, मग समुद्र कशाला? तिकडे तेलच लावतात. २०२३मध्ये चार्ल्सलाही जेरुसलेमहून आलेलं तेल पडद्याआड लावलं. तेल नुसत्या पाण्याने निघत नाही, यावर तर ती ओळ उभी आहे. 'पवित्र तेल' लिहा.

मालती_जो: तेल म्हटलं की दिवाळीची पहाट आठवते हो. 'पुसणे'त कुंकवाचं दुःख आहे, मला ते हवंय.

जुना_वाचक: मला नकोय. कुंकू दुसऱ्याच्या मरणाने जातं, इथे राजा स्वतःच्या हाताने सगळं उतरवतो. आमची आजी तर बांगडी 'फुटली'सुद्धा म्हणत नसे, 'वाढवली' म्हणे.

सातारकर: स्वतःच्या हाताने कुठे? १३९९मध्ये त्याच्याकडून राज्यत्याग वदवून घेतला, आणि वर पार्लमेंटने पदच्युतही केलं. नाटकाच्या १५९७च्या छापील प्रतीत तर मुकुट देण्याचा हा प्रसंगच नाही, १६०८मध्ये आला. आमच्या साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९मध्ये गादीवरून काढलं, त्याला कोणी त्याग म्हणत नाही. 'पदच्युती' हाच शब्द.

मालती_जो: संस्कृत नटाच्या तोंडी जड होतं. 'पायउतार' म्हणा. वाहनावरून उतरून पायी चालू लागणं, असाच तो शब्द आला असणार.

सातारकर: पायउतार मंत्री होतात. राजा नाही.

मालती_जो: पाचव्या अंकात त्याचा लाडका घोडा बार्बरी बोलिंगब्रोकला पाठीवर घेऊन डौलात चालला, हे त्याला कैदेत कळतं. याहून पायउतार दुसरं काय असतं?