रोजच्या गाडीला 200 ट्रेडवेअरचे टायर: हा सल्ला नवख्यांना देऊ नका

ताम्हिणी_तिसरा_गिअर (पुणे)

परवा इथे एका नव्या मुलाने विचारलं होतं: स्विफ्ट आहे, रोज हिंजवडीला जातो, पुढच्या महिन्यात पहिल्यांदा ऑटोक्रॉसला (आखलेल्या वळणांतून एकेका गाडीची वेळ मोजायची स्पर्धा) उतरतोय, टायर कुठले घेऊ? त्याला उत्तर मिळालं की कंपनीचे टायर म्हणजे लाकूड, ते आधी काढ, 17 इंची रिम बसव, 205 रुंदीचे 200 ट्रेडवेअरवाले टायर मागव आणि तेच रोज वापर, कारण ‘ग्रिप जास्त म्हणजे सेफ्टी जास्त’. वर वाहवा करणारेही बरेच आले. दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

आधी त्या 200 बद्दल. ट्रेडवेअर हा झिजेचा आकडा आहे, पकडीचा नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ठरलेल्या रस्त्यांवर टायर 7,200 मैल पळवतात, 100 आकड्याच्या प्रमाण टायरशी झीज ताडून बघतात, आणि शेवटी टायरवर आकडा छापते ती कंपनीच. त्यामुळे दोन कंपन्यांचे 200 सारखे असतीलच असं नाही. शेजारी जे ‘ट्रॅक्शन ए’ असतं, ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून मोजलेलं. वळणात काय होईल किंवा साचलेल्या पाण्यात काय होईल, हे त्यातून कळत नाही.

माझा खरा राग पाण्यावरून आहे. असल्या टायरांना खाचा कमी. नुसत्या ओलसर डांबरावर मऊ रबर छान धरतं, हे मान्य. पण रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते बाजूला फेकायला खाच लागते, आणि टायर जितका रुंद तितका तो लवकर तरंगतो. एका जुलैत ताम्हिणीत मित्राच्या गाडीत शेजारी बसलो होतो. टायर असेच, अर्धे झिजलेले. डोंगराकडून पाण्याचा पाट रस्त्यावर आला होता. वेग फार तर 60. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, मित्राने वळवलं तरी गाडी सरळच निघाली. डोंगराच्या बाजूच्या गटारात गेलो म्हणून वाचलो. ते दोन सेकंद मी अजून विसरलेलो नाही.

आणि ती 17 इंची रिम. 185/65 आर15 (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) मध्ये रिम आणि रस्ता यांच्यात 120 मिलिमीटर रबर असतं. 205/45 आर17 केलं की 92. हे जे 28 मिलिमीटर गेले, तेच खड्डा झेलत होते. मी स्वतः हे करून बसलोय. अकरा महिन्यांत दोन टायरांना फुगे आणि एका रिमला चीर. वर जड रिममुळे गाडी उचल घ्यायला मंद झाली ती वेगळीच.

त्या मुलाला माझं सांगणं एवढंच: आहे तीच 15 इंची रिम ठेव. बदलायचेच असतील तर 195/60 आर15, 88व्ही (वजन आणि वेगाचा कोड), पावसात चांगला धरणारा. सेकंद शोधायचे असतील तर टायरच्या हवेत शोध. दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलंय त्यापेक्षा पुढच्या चाकांत चार-पाच पीएसआय जास्त भरून सुरुवात कर, टायरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढ, एक फेरी मार. खडू साइडवॉलपर्यंत पुसला गेला तर टायर लोळतोय, आणखी भर. खांद्यापर्यंतही पुसला नसेल तर थोडी सोड. घरी निघताना परत स्टिकरप्रमाणे कर. पहिल्या वर्षाला एवढं पुरे.

कोन_ते_कोन (ठाणे)

तो सल्ला माझा होता, तेव्हा उत्तर मीच देतो.

तुम्ही एका गटाराच्या गोष्टीवर अख्खा निकाल लावलात. त्या गाडीचे टायर अर्धे झिजलेले होते हे तुम्हीच लिहिलंय. अर्धा झिजलेला कुठलाही टायर वाहत्या पाण्यात तरंगला असता. दोष झिजेचा, खापर रबरावर.

पाऊस चार महिने, उरलेले आठ महिने रस्ता कोरडा. माझ्या पुढे घोडबंदरला रिक्षा आडवी आली ती डिसेंबरात, कोरड्या रस्त्यावर. हातभर अंतर राखून थांबलो. जुन्या टायरांवर थांबलो नसतो, ते टायर मी तीन वर्षं चालवले होते, मला माहीत आहे. तेव्हा मुलगी मागच्या सीटवर होती. त्या दिवसापासून टायरला ‘शौक’ म्हणणाऱ्याशी माझं पटत नाही.

आणि खडूने सेकंद मिळतात हे खरं, पण किती? माझ्याच गाडीवर हवा जुळवून अर्धा सेकंद मिळाला. टायर बदलून दोन.

नाशिकची_माती (नाशिक)

दोघेही भांडताय, पण ऑटोक्रॉस कुठलं ते कोणीच विचारलं नाही. आपल्याकडे बरेचसे ऑटोक्रॉस मातीवर होतात. 200 ट्रेडवेअरवाला टायर मातीत दुसऱ्या वळणापर्यंत भरतो, मग त्याचा नुसता गोळा होतो. तिथे मोठे ब्लॉक आणि रुंद खाचा असलेला रॅलीचा टायरच लागतो, आणि तो एमआरएफ इथेच बनवते. 2022 मध्ये युरोपियन रॅली चॅम्पियनशिप जिंकणारा ड्रायव्हर एमआरएफच्या टायरांवर होता. आपल्या लोकांना मात्र जपानी नाव लागतं.

दुसरं, ‘मागव’ म्हणजे कुठून? जून 2020 पासून बाहेरच्या टायरांवर आयातीचं बंधन आहे, शिवाय आयएसआय छाप लागतो. अ‍ॅडव्हान ए052 नाहीतर आरई-71आरएस असले 200 वाले जपानी टायर स्विफ्टच्या मापात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. मुलाला न मिळणारी वस्तू सांगून काय उपयोग?

मिशिगनकर

इथे अमेरिकेत मी नऊ वर्षं एससीसीए या मोटरस्पोर्ट क्लबच्या सोलोला, म्हणजे ऑटोक्रॉसला जातो, म्हणून लिहितोय. 200 हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय तो आमच्याकडच्या नियमामुळे. स्ट्रीट वर्गात ट्रेडवेअर किमान 200 हवं असा नियम आहे. हेतू हा की रस्त्यावर चालणारे टायर यावेत. झालं उलटं. कंपन्यांनी 200 छापून जवळपास शर्यतीचं रबर विकायला सुरुवात केली. तेव्हा 200 म्हणजे ‘रस्त्याचा टायर’ असा अर्थ काढू नका.

आमची फेरी साधारण मिनिटाची असते, दिवसभरात पाच-सहा मिळतात. एका गाडीवर दोघं असले की टायर तापून पकड सोडतात, म्हणून बागेतल्या फवाऱ्याने पाणी मारून गार करतो. हे लाड रोजच्या गाडीचे नाहीत. माझ्याकडे वेगळा संच आहे, गॅरेजही आहे. थंडी पडली की ते उतरवावेच लागतात, शून्याखाली असलं रबर तडकतं. पुण्यात ती भीती नाही, पण सोसायटीच्या फ्लॅटमध्ये चार जादा चाकं कुठे ठेवणार?

आणि पहिल्याच वर्षी चिकट टायर देऊ नका. साधा टायर आधी ओरडतो, मग सुटतो. त्या ओरडण्यातून मुलगा शिकतो.

समृद्धीवरून_दर_शनिवारी (छत्रपती संभाजीनगर)

ऑटोक्रॉस करणारे किती असतील? समृद्धीवर रोज हजारो गाड्या जातात, टायर फुटून माणसं मरतात, त्यावर कोणी लिहीत नाही. 120 ची मर्यादा, काँक्रीट, दुपारचं ऊन. मी तरी नायट्रोजनशिवाय जात नाही आणि उन्हाळ्यात तीन-चार पीएसआय कमीच ठेवतो, म्हणजे तापल्यावर फुगायला जागा राहते. दोन वर्षं एकही टायर गेला नाही.

यांत्रिकी_प्राध्यापक (कराड)

कृपा करून हवा कमी ठेवू नका. कोणीही ठेवू नका. विषयांतर होतंय, पण हे सोडून देता येणार नाही.

टायर फुटतो तो बहुधा हवा कमी असल्याने. हवा कमी की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, ते वाकणं म्हणजे उष्णता. तासभर 120 ने गेलात की आतले थर सुटायला लागतात. वाढलेल्या हवेला कंपनीने जागा धरलेलीच असते. हिशोब सोपा आहे: 33 पीएसआयच्या टायरमध्ये दर 10 अंशांना सुमारे दीड पीएसआय वाढतो. 50 अंशांनी तापला तरी 41 च्या आसपास. त्याने चांगला टायर फुटत नाही. म्हणून तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही, सकाळी गार असताना मोजायची.

आणि नायट्रोजन? साध्या हवेत 78 टक्के तोच आहे. कोरडी हवा आणि नायट्रोजन तापल्यावर सारखेच वाढतात. पैसे घेऊन विकली जाणारी ही निव्वळ फसवणूक आहे.

टायरवाला_मिरज

ओ सर, फसवणूक हा शब्द मागे घ्या.

27 वर्षं गल्ल्यावर बसतोय. नायट्रोजनची टाकी मी पण ठेवलीय, कारण गिऱ्हाईक मागतं. तुम्ही म्हणता तो हिशोब कोरड्या हवेचा आहे. दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा कोरडी असते का? पावसाळ्यात टाकीच्या तळाचा कॉक उघडून बघा, किती पाणी पडतं ते. आम्ही रोज सकाळी काढतो. जो काढत नाही त्याच्याकडून ते पाणी तुमच्या टायरात जातं. नायट्रोजन कोरडा असतो, फरक तेवढाच, पण आहे. वर्गात शिकवणं सोपं आहे.

आणि फसवणूक कोण करतं ते पण सांगतो. नेटवरून टायर मागवायचे, दोन वर्षं गोदामात पडलेला माल यायचा, मग माझ्याकडे ‘फक्त बसवून द्या’ म्हणत यायचं. तारीख दाखवली की तोंड पडतं. साइडवॉलवर डीओटी लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे असतात, आधी आठवडा मग साल, शाळेतलं पोर पण वाचेल. साठ-सत्तर हजारांचे टायर घेणारे वाचत नाहीत.

यांत्रिकी_प्राध्यापक (कराड)

कॉम्प्रेसरच्या पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरला नव्हता. ‘फसवणूक’ हा शब्द तुमच्या दुकानापुरता मागे घेतो. ‘नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही’ असं सांगून जो विकतो, त्याच्यापुरता ठेवतो.

टायरवाला_मिरज

तसं सांगणारे आहेत. त्यांची बाजू मी घेत नाही.

समृद्धीवरून_दर_शनिवारी (छत्रपती संभाजीनगर)

म्हणजे दोन वर्षं मी चुकीचं करत होतो असं सगळे म्हणताय. बरं. पण 2023 मध्ये आरटीओची माणसं समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासायला उभी राहिली आणि गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवलं, ते तरी झिजेसाठीच होतं ना? खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेलेले टायर घेऊन माणसं बायकापोरांसह 120 ने जातात. हे मी दर शनिवारी बघतो. हवा उद्यापासून स्टिकरप्रमाणे.

कोन_ते_कोन (ठाणे)

मूळ विषयावर या. ताम्हिणीकर, कोरड्यात थांबण्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

ताम्हिणी_तिसरा_गिअर (पुणे)

लिहितो. कोरड्यात मऊ रबर लवकर थांबवतं, याबद्दल वाद नव्हताच. पण तुम्हाला हवी ती पकड आणि पावसाच्या खाचा दोन्ही एकत्र असलेले टायर आहेत. मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 सारखा टायर त्यासाठीच बनतो. स्विफ्टच्या 15 इंचाला तो बसणार नाही, पण त्या वर्गाच्या एक पायरी खालचे चांगले टायर 15 मध्ये सहज मिळतात. तुम्ही त्या मुलाला मधली पायरी दाखवलीच नाही, थेट टोकाला नेलंत. माझी तक्रार ही आहे.

मातीचा मुद्दा मी विसरलो, नाशिककरांचं बरोबर.

नवीन_स्विफ्टवाला

तो मुलगा मीच. सगळं वाचलं. आमचं ऑटोक्रॉस डांबरावर आहे, पार्किंगच्या मोकळ्या जागेत कोन लावून. 17 इंचीचा विचार सोडला, रोजचा रस्ता फार वाईट आहे. टायर सध्या कंपनीचेच आहेत, गाडी सेकंडहँड घेतली. खाच मोजली तर पाच मिलिमीटर आहे, म्हणून वाटलं याच टायरांवर खडू लावून उतरावं. मिरजच्या काकांचं वाचून तारीख बघितली. चारही टायरांवर 1219 आहे.

टायरवाला_मिरज

बाराव्या आठवड्यातला, 2019 चा. खाच असू दे किती पण, रबर कडक झालेलं असणार. नख रुतवून बघ. खाचांच्या तळाला बारीक भेगा दिसतात का बघ, बॅटरी लावून. दिसल्या तर शर्यत सोड, घाट पण चढू नको त्याच्यावर.

नवीन_स्विफ्टवाला

भेगा आहेत. मागच्या दोन्हींना जास्त.

ताम्हिणी_तिसरा_गिअर (पुणे)

मग त्यांच्यावर उतरू नकोस. ‘आहे तेच ठेव’ असं मी रिमबद्दल म्हटलं होतं, पण टायरची तारीख आधी विचारायला हवी होती, ती चूक माझी. कोन_ते_कोन, तुमचं ‘लाकूड’ या गाडीपुरतं खरं निघालं. चारही बदल. 195/60 आर15, चालू सालचे, आणि तारीख दुकानात उभा राहून वाच, बसवायच्या आधी.

कोन_ते_कोन (ठाणे)

15 इंचीच घे, ठीक आहे. ताम्हिणीकर म्हणतात तो मधल्या पायरीचा घे. पण नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर रोजचं जाणं-येणं कर, वरचा गुळगुळीत थर जाऊ दे, मग उतर. फेरीचे आकडे आणि हवेचे आकडे दोन्ही लिहून इथे टाक. खडू मी आणतो.