बैठकीतलं भान आणि ओट्यावरचं भान

कुणीतरी विचारलंय की ध्यानाला बसलं की शांत वाटतं, पण उठून घरकामाला लागलं की दहा मिनिटांत सगळं विरून जातं, मग उपयोग काय? अगदी माझंच रडगाणं!

इगतपुरीला धम्मगिरी या ध्यानकेंद्रात १० दिवसांचं विपश्यना (म्हणजे शरीरातल्या संवेदना शांतपणे बघत राहण्याचं ध्यान) शिबिर केलं होतं. पहाटे ४ ची घंटा, मौन, पहिले तीन दिवस नुसतं आनापान. म्हणजे नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघत बसायचं, तो बदलायला जायचं नाही. दहाव्या दिवशी मौन सुटलं तेव्हा वाटलं, आता आपण कायमचे सुधारलो. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी दूध उतू गेलं आणि मी लेकीवर अशी ओरडले की शेजारच्या काकूंनी दार उघडून पाहिलं.

फरक एवढाच, की ओरडताना कानशिलं तापलीत, दात आवळलेत, हे कळत होतं. राग काही थांबला नाही, पण एरवी दिवसभर पुरायचा तो ओटा पुसेपर्यंत ओसरला.

तिथे सांगतात, सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा. माझ्याच्याने सकाळचा अर्धा तासच होतो, तोही कुकरच्या शिट्ट्या मोजत. (हेही आनापानच, असं नवरा म्हणतो. त्याला काय जातंय!)

भांडी घासताना मात्र मी फोन मुद्दाम लांब ठेवते. पाण्याचा गारवा, तारेच्या घासणीची खरखर, मनगटावरून ओघळणारा फेस. पहिल्यांदा हे भान दोन ताटं होईपर्यंत टिकायचं, मग मन वाण्याच्या बिलात. लक्षात आलं की परत पाण्याशी. हल्ली कढईपर्यंत पोचते.