आमदारांचं पत्रक आणि मागच्या लाइनचा रस्ता (बेळगावातल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवरून)

विलास अण्णा (सेक्रेटरी)
आमदारसाहेबांच्या ऑफिसातून पत्रक आलंय, वर टाकलं आहे. अधिवेशनात काय झालं आणि आपल्या भागात कामं कुठली, त्याचा अहवाल. चार पानं, सगळं कन्नडात. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना सांगा. राजकारण नको.

सुरेखा वैनी
मतं मागायला आले तेव्हा पत्रक मराठीत होतं की. एका घरात चार-चार टाकून गेले.

बाबू तात्या
तेच म्हणतो मी. 15 टक्क्यांच्या वर ज्यांची वस्ती, त्यांच्या भाषेत कागद द्यायचा नियम आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडं तक्रार टाकूया.

देसाई मामा
तात्या, तो नियम सरकारी सूचना आणि महत्त्वाच्या कागदांना. आमदारांनी आपल्या हौसेनं छापलेल्या पत्रकाला तो लागत नाही. महापालिकेच्या नोटिशी मराठीत मागा, तिथं मी पण सही करतो.

बाबू तात्या
सगळं मुळातच चुकलंय. सीमावादाच्या महाजन अहवालात 264 गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं आणि बेळगाव शहर मात्र...

विलास अण्णा
तात्या, तो दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. आपल्या ग्रुपवर नाही.

तनुजा
वाचलं मी. पहिलं पान नुसते फोटो, सुवर्णसौधच्या (इथल्या विधानसभेच्या इमारतीच्या) पायऱ्यांवरचे. दुसऱ्या पानावर राज्य सरकारच्या पाच गॅरंटी योजना: गृहज्योतीची 200 युनिट वीज, गृहलक्ष्मीचे 2000, बायकांना फुकट बस वगैरे. तिसऱ्यावर कायदे. त्यात दुकानांच्या पाट्या आणि ई-खातं-बी-खातं (महापालिकेतली घर-प्लॉटची नोंद) एवढंच आपल्या कामाचं. चौथ्या पानावर मतदारसंघातल्या कामांची यादी. शेवटून तिसरं आपलं नाव आहे, 'कॉलनीतील मागील रस्ता व गटार'. आकड्याचा रकानाच नाही यादीला.

सुरेखा वैनी
नाव आलंय??? 🙏

प्रकाश (बेकरी)
पाटीचं काय म्हटलंय तेवढं सांग तनुजा. गेल्या वेळी महापालिकेची माणसं येऊन फोटो काढून गेलीत.

तनुजा
पाटीवर 60 टक्के कन्नड, आणि ते वरच्या भागात. 2022 च्या कन्नड विकास कायद्यात केलेली दुरुस्ती आहे. सरकारनं आधी अध्यादेश काढला होता, तो जानेवारी 2024 ला राज्यपालांनी परत पाठवला. मग फेब्रुवारीत विधेयक आणून सभागृहात पास करून घेतलं. पत्रकात असं लिहिलंय जणू आत्ताच झालं. उरलेल्या जागेत मराठी ठेवायला कायद्यात आडकाठी नाही.

बसूअण्णा
प्रकाश, पेंटर माझ्या ओळखीचा. कन्नड मी लिहून देतो. ते पेंटर लोक मोबाइलवर बघून रंगवतात, मग गिऱ्हाईक हसतंय. खाली मराठी तू दे, तुझं अक्षर मला लागत नाही.

प्रकाश (बेकरी)
😄 उद्या येतो अण्णा.

नितीन (पुणे)
आपल्या गेटवरच्या बोर्डाला पण लागतो का हा कायदा? तो मराठी-इंग्रजी आहे.

तनुजा
दुकानं, कारखाने, दवाखाने, हॉटेलं, ट्रस्ट अशी यादी आहे काका. राहत्या कॉलनीचा वेगळा उल्लेख मला दिसला नाही.

देसाई मामा
तरी पुढच्या वेळी रंगवताना तिन्ही भाषांत करा. वाद घालायला आपल्याकडं दुसरे विषय भरपूर आहेत.

सुरेखा वैनी
तो रस्त्याचा विषय बोला की कुणीतरी. पुढच्या लाइनला पेव्हर बसून किती वर्षं झाली. तुमची गटार जिथं संपते तिथं आमचं अंगण सुरू होतंय. पावसाळ्यात शाळेची व्हॅन ट्रान्सफॉर्मरपर्यंतच येते, तिथून पुढं पोरं चपला हातात घेऊन चालतात. आणि नारळ फोडून फोटो काढलेला तो काय झाला?

बसूअण्णा
त्या भूमिपूजनाला टिकाव माझा नेलेला. हळदकुंकू लावलं, फोटो झाला. टिकाव अजून परत नाही.

संजू
आमदारांना वर्षाला निधी मिळतोय की. एवढा लहान रस्ता, त्यातला चिमूटभर पैसा लागेल. दुसऱ्या पानावर तर हजारो कोटी लिहिलेत म्हणे.

देसाई मामा
संजू, दुसरं पान आणि चौथं पान एकाच पिशवीतलं नव्हे. गॅरंटीचा पैसा राज्याच्या बजेटचा. 2025-26 चं बजेट 4 लाख 9 हजार कोटींचं, त्यात गॅरंटींना 51 हजार कोटी. त्यावर आमदाराची सही लागत नाही, विरोधी आमदाराच्या मतदारसंघातल्या बाईलाही तेच 2000. आमदाराच्या हातातला निधी वेगळा, वर्षाला 2 कोटी. खासदाराला 5 कोटी, ते पण अख्ख्या लोकसभा मतदारसंघाला. आता आमच्या आमदारांचे मतदार दोन-अडीच लाख धर. माणशी ऐंशी ते शंभर रुपये वर्षाला. त्यात शाळेच्या खोल्या, समुदाय भवन, हायमास्ट दिवे, सगळं. लग्नाच्या पंगतीत कोशिंबीर असते तेवढाच तो निधी, पण फोटो सगळे कोशिंबिरीचेच.

संजू
मग 24 तास पाणी? ते पण लिहिलंय पत्रकात, 'आमच्या प्रयत्नातून'.

देसाई मामा
2008 साली काही वॉर्डांत प्रयोग म्हणून सुरू झालेली योजना ती, वर्ल्ड बँकेच्या कर्जातून. किती सरकारं आली-गेली त्यानंतर. प्रयत्न सगळ्यांचे असतील, राग नाही. पण पाणी राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतून येतंय, आणि कर्ज फेडायचं आहे, एवढं त्यात लिहायला जागा होती.

विलास अण्णा
मामा, आमच्या रस्त्यावर या. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात तुमचं आयुष्य गेलंय.

देसाई मामा
येतो. जरा मोठं लिहितोय, कंटाळू नका.
नाव यादीत आलं म्हणजे एवढंच की आमदारांनी काम सुचवलंय. ते पत्र डीसी ऑफिसला जातं. मग इंजिनिअर जागेवर येऊन एस्टिमेट करतो, डीसींची प्रशासकीय मंजुरी होते, मग टेंडर किंवा निर्मिती केंद्राकडं (बांधकामं करणारी सरकारी संस्था) काम, मग वर्क ऑर्डर. वर्क ऑर्डर हातात येईपर्यंत नारळ कितीही फोडा. टेंडर निघालं असतं तर ते ई-प्रोक्युअरमेंटच्या पोर्टलवर दिसलं असतं, मी नातवाकडून बघून घेतलं, नाही. म्हणजे गाडं एस्टिमेटलाच अडलंय. आणि का अडलंय ते मी सांगतो, वैनी रागावतील.
पुढची लाइन बुडानं (शहर विकास प्राधिकरणानं) पास केलेल्या ले-आउटमधली. रस्ता, ओपन स्पेस तेव्हाच सोडून दिलेलं, त्यामुळं ते सार्वजनिक. मागची लाइन शेतजमिनीत गुंठ्या-गुंठ्यानं विकलेली. ज्यानं-त्यानं आपापला प्लॉट घेतला, मधल्या रस्त्याची पट्टी कुणीच घेतली नाही आणि कुणीच सोडली नाही. उताऱ्यावर ती अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. खासगी जागेवर सरकारी पैसा घालता येत नाही. इंजिनिअर उतारा मागतो, बघतो, फाईल कपाटात.

सुरेखा वैनी
म्हणजे आमचीच चूक? आम्ही घरपट्टी भरत नाही काय? लाइटबिल भरत नाही काय?

देसाई मामा
चूक तुमची नव्हे. विकणाऱ्यानं रस्ता दाखवून प्लॉट विकले आणि कागदावर रस्ता केला नाही. अर्ध्या बेळगावाची हीच कथा आहे. पण घरपट्टी भरली म्हणून पट्टी महापालिकेच्या नावावर होत नाही, हे पण खरं.

नितीन (पुणे)
मामा, पत्रकात बी-खात्याचं लिहिलंय ना? माझा प्लॉट मागच्या लाइनलाच आहे. बी-खातं मिळालं की सगळं रेग्युलर झालं असं एजंट म्हणतो.

देसाई मामा
एजंटाला म्हणावं, लिहून दे. बी-खातं म्हणजे महापालिकेच्या दप्तरात तुझ्या प्लॉटाची नोंद आणि तुझ्याकडून कर. पहिल्या वेळी दुप्पट घरपट्टी, पुढं नेहमीची. 2025 च्या फेब्रुवारीत सरकारनं त्याची मोहीमच काढली. खरेदी 10 सप्टेंबर 2024 च्या आधी रजिस्टर झालेली पाहिजे. खरेदीपत्र, ईसी (मालमत्तेवरच्या बोजाचा दाखला), घरपट्टीची पावती, लाइटबिल, आधार, फोटो, एवढं घेऊन जा. आता ई-खात्याशिवाय सब-रजिस्ट्रार खरेदी करून घेत नाही, तेव्हा तुला विकायचं असेल तर ते काढावंच लागणार. पण ले-आउट त्यानं पास होत नाही, आणि बी-खातं प्लॉटाला मिळतं, रस्त्याला नाही.

संजू
आमच्या दोघा-तिघांची घरं बॉण्डवर (रजिस्टर न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर) घेतलेली आहेत. त्यांचं?

देसाई मामा
त्यांनी आधी मला फोन करा. ग्रुपवर नको.

विलास अण्णा
मग उपाय काय? आमदारांना जाऊन भेटायचं का निवेदन घेऊन? सगळे येणार असाल तर हार पण घेऊया.

देसाई मामा
हार नको. पैसे पण मागू नका त्यांच्याकडं. त्यांच्याकडं जाऊन 'रस्ता करा' म्हटलं की ते 'यादीत घातलाय की' म्हणणार, आणि ते खोटं बोलत नसणार. मागायचं ते दुसरंच. मूळ मालकाचे तिघे मुलगे आहेत, एक गोव्याला. त्या तिघांनी रस्त्याच्या पट्टीचं रजिस्टर सोडपत्र महापालिकेला करून दिलं की काम मोकळं. आपण बोलावलं तर ते तिघे एकत्र येत नाहीत, मी दोनदा बघितलं. आमदारांनी आपल्या ऑफिसात बोलावलं तर येतील. महापालिकेचा अधिकारी, ते तिघे आणि आपण, एका टेबलाशी अर्धा तास. त्याला त्या 2 कोटींतला एक रुपया लागत नाही. आमदाराचा शब्द इथं निधीपेक्षा जास्त चालतो.

बसूअण्णा
थोरला आमच्या भजनात येतोय, शनिवारी. माणूस चांगला आहे. 'पट्टी दिली तर बाकीची जागा पण मागतील' ही त्याची भीती. मी बोलतो त्याच्याशी कन्नडात, घरात ते लोक कन्नडच बोलतात.

सुरेखा वैनी
अण्णा, तुम्ही आधीच का नाही बोललात हो?

बसूअण्णा
मला कुणी विचारलं नाही वैनी. आणि मी पुढच्या लाइनचा.

बाबू तात्या
त्या भेटीवर अवलंबून राहू नका. माहिती अधिकारात अर्ज टाकूया, मी लिहिलाय. दोन पानं झालीत. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून घेतलंय.

तनुजा
तात्या आजोबा, कर्नाटकात अर्ज 150 शब्दांत बसायला लागतो आणि एका अर्जात एकच विषय. आणि मराठीत चालत नाही. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा इथली राजभाषा म्हटलंय. मी इंग्रजीत करते. चौथ्या पानावरचं आपलं काम कुठल्या योजनेत घेतलंय, एस्टिमेट किती, मंजुरी झाली का, काम कुठल्या खात्याकडं, एवढंच विचारते. फी 10 रुपये.

बाबू तात्या
1956 नाही घ्यायचं?

तनुजा
150 शब्दांत बसणार नाही आजोबा.

संजू
मामा, एक विचारतो. अधिवेशनाला सगळे मंत्री इथंच, सुवर्णसौधात, दहा-बारा दिवस असतात. जवळच कोंडसकोप्पला आंदोलनांचे मंडप लागतात. आपण पण गेलो असतो तर?

देसाई मामा
मंडपात बसून निवेदन दिलं असतं, मंत्र्यांनी त्यावर 'योग्य कारवाई करावी' लिहून खाली पाठवलं असतं, ते फिरून त्याच इंजिनिअरच्या टेबलावर. मी तसे शेरे ट्रंका भरून बघितलेत. त्यापेक्षा आमदार सभागृहात प्रश्न विचारू शकतात: बेळगाव महापालिका हद्दीत अशा न सोडलेल्या रस्त्यांची संख्या किती, आणि सरकार काय करणार. मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते विधानसभेच्या वेबसाइटवर राहतं. पुढच्या पत्रकात तो प्रश्न छापला तर मी पत्रक जपून ठेवीन.

विलास अण्णा
ठरलं. सोमवारी अकरा वाजता आमदारांच्या ऑफिसात पाच जणच जाणार: मामा, सुरेखा वैनी, बसूअण्णा, तनुजा, मी. तात्या, तुम्ही पुढच्या वेळी. मागच्या लाइनच्या सगळ्यांनी आपापल्या खरेदीपत्राची आणि उताऱ्याची झेरॉक्स रविवारपर्यंत माझ्याकडं आणून द्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका, मलाही नको.

संजू
झेरॉक्सचे पैसे सोसायटीच्या खात्यातून काय?

विलास अण्णा
आपापले.

बसूअण्णा
आणि ऑफिसात माझ्या टिकावाचं पण विचारणार मी.