कंपन्यांचा कर आणि वाड्यावरची शाळा: ग्रामसभेत हे कसं मांडावं?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहते. मुलगा वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, सरकारी मराठी शाळेत तिसरीत आहे. पट कमी झाला म्हणून येत्या जूनपासून ही शाळा शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन करणार, असं पालकसभेत सांगितलं. शेजारचा गाव म्हणजे चढणीचा अरुंद रस्ता, आणि त्यावरून आता पुन्हा खनिजाचे ट्रक धावतात. मुलांना सरकारी बस नेईल म्हणतात. ती सकाळची बस गणेशचवथीनंतर वाड्यावर आलेलीच नाही. विचारलं तर ड्रायव्हर नाही म्हणून सांगतात.

शाळेतल्या प्रत्येक बाकाच्या पाठीवर एका खाण कंपनीचं नाव पांढऱ्या रंगात छापलंय. माझा मुलगा अक्षरं जुळवायला शिकला तो ते नाव वाचून. दाराजवळ संगमरवरी पाटी आहे, तिच्यावरही तेच नाव. पालकसभेत पंचायतीचे एक पंच म्हणाले, "कंपनी एवढं करते, आणखी काय पाहिजे?" मी म्हटलं, बाक दिले, शिक्षक कोण देणार? त्यावर सभा संपली.

इंग्लंडात 2010 साली लोक मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत जाऊन बसले होते, असं वाचलं. तुम्ही कर टाळता, म्हणून आमची वाचनालयं बंद होतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते मनापासून पटलं. आपल्याकडे तसं करता येईल का? करायचं तर बसायचं कुठे आणि मागायचं कुणाकडे? आम्ही सगळ्या आयाच आहोत, पक्षबिक्ष कुणाचा नाही.

फोंड्याचा लेखापाल

ताई, माझं आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही म्हणता त्या आंदोलनाचं नाव 'यूके अनकट'. 20 ऑक्टोबर 2010 ला ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांनी चार वर्षांत 81 अब्ज पाउंडांची खर्चकपात जाहीर केली. आठवड्याभरात, 27 तारखेला, मूठभर लोक लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या व्होडाफोनच्या दुकानात जाऊन बसले आणि दुकान बंद करावं लागलं. बघता बघता गावोगावी तेच सुरू झालं. त्यांच्या तोंडी आकडा होता 6 अब्ज पाउंड, व्होडाफोनने लक्झेंबर्गमधल्या उपकंपनीच्या आधारे टाळलेला कर. करखात्याने तो आकडा साफ नाकारला. खात्याशी तडजोड झाली होती 1.25 अब्जांवर. तीही रक्कम लहान नव्हे, पण सरकारला बोट ठेवायला जागा मिळाली ती मोठ्या आकड्यामुळे. तेव्हा ग्रामसभेत जाल तेव्हा समोरच्याला नाकारता येणार नाही असाच आकडा घेऊन जा.

मला 'यूके अनकट'चं डिसेंबर 2012 मधलं काम जास्त मोलाचं वाटतं. स्टारबक्सने ब्रिटनमध्ये 14 वर्षांत 3 अब्ज पाउंडांहून जास्त विक्री करून जेमतेम 86 लाख पाउंड कंपनी कर भरला, हे रॉयटर्सने त्या ऑक्टोबरात उघड केलं होतं. नाव वापरण्याचं शुल्क नेदरलँड्समधल्या त्यांच्याच कंपनीला द्यायचं, कॉफीच्या बिया स्वित्झर्लंडमधल्या त्यांच्याच कंपनीकडून घ्यायच्या, कर्जावरचं व्याजही घरातच फिरवायचं. मग ब्रिटनमध्ये नफा उरतो कुठे? आणि हे सगळं कायद्यात बसवून. आंदोलक त्या कॅफेंत गेले आणि तिथे पाळणाघर मांडलं, कुठे मारहाण सोसलेल्या बायकांसाठीचं आश्रयघर मांडलं. जी सेवा कपातीत जात होती तीच तिथे मांडली, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला काही समजावून सांगावं लागलं नाही. हाक दिल्यावर, निदर्शनांच्या तोंडावरच, कंपनीने दोन वर्षांत 2 कोटी पाउंड भरायची तयारी दाखवली.

आता आपलं. तुमच्या पंचांना सांगा की ते बाक कंपनीचे उपकार नाहीत. कंपनी कायदा 2013, कलम 135: ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायचीच असते. त्या पैशातून बाक येतात, रंग येतो, पाटी तर येतेच. शिक्षकाचा पगार आणि बसच्या ड्रायव्हरचा पगार मात्र करातूनच येतो, आणि तो दर महिन्याला लागतो.

करातलं काय गेलं तेही सांगतो. 20 सप्टेंबर 2019 ला जीएसटी परिषदेची बैठक आपल्या पणजीत होती. त्याच दिवशी, पणजीतच, केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा दर, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. नव्या उत्पादक कंपन्यांना 15 टक्के. वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हा सरकारचाच अंदाज होता. ही करचुकवेगिरी नव्हे, सरकारने राजीखुशीने सोडलेला कर आहे, हे लक्षात ठेवा. त्या वेळी केंद्राच्या वाटपयोग्य करातला 42 टक्के वाटा राज्यांना मिळत होता, आणि त्यात गोव्याचा वाटा 0.378 टक्के. गुणाकार करून बघा, साधारण 230 कोटी रुपये येतात. सेस आणि अधिभार वाटपात येत नाहीत, तेव्हा थोडं कमीच धरा. तरी एका वर्षाला गोव्याच्या तिजोरीत न आलेला हा पैसा आहे, आणि ह्यातला प्रत्येक आकडा सरकारी कागदावरचा आहे. लंडनमधला पाउंडांचा आकडा आपल्या गावाला काही सांगणार नाही, हा सांगेल.

उसगावचा ट्रकवाला

ताई, तुमच्या मुलांची काळजी मला कळते, माझीही नातवंडं आहेत. पण एक विनंती आहे, कंपनीच्या गेटवर बसू नका. गेटवर उभा असतो तो आपल्याच गावचा पोरगा, बारा तासांच्या ड्युटीवर. कंपनीचे मालक त्या गेटने येतच नाहीत. तुम्ही बसलात की ट्रक थांबतात, आणि ट्रकाचा हप्ता बँकेला चुकत नाही. 2012 साली खाणी बंद झाल्या, मग 2018 च्या मार्चात पुन्हा. आमचे ट्रक दारात गंजले, बायकांचे दागिने सोसायटीत गेले. त्यामुळे खाणपट्ट्यात कंपनीविरुद्ध घोषणा दिली की अर्धा गाव तुमच्या समोर उभा राहतो. तो गाव तुमच्या बाजूला पाहिजे.

बसायचंच तर जिल्हा खनिज फंडाच्या दारात बसा. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीपासून खाणवाल्याने रॉयल्टीवर, म्हणजे काढलेल्या खनिजासाठी सरकारला द्यायच्या रकमेवर, वेगळी रक्कम ह्या फंडात भरायची असते, जुन्या लीजवर 30 टक्क्यांपर्यंत, लिलावातल्या लीजवर 10 टक्के. खाणीचा त्रास ज्या गावांना होतो त्यांच्यासाठीच हा पैसा. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण ह्यांना त्यात अग्रक्रम आहे. धूळ खातो आम्ही आणि तुम्ही, मग त्या फंडातून आपल्या वाड्याला काय आलं हे विचारायला कुणाची भीती? हे विचाराल तर आम्ही ट्रकवालेसुद्धा मागे उभे राहू. मी येतो, मला तारीख कळवा.

फोंड्याचा लेखापाल

भाऊंचं बरोबर आहे, आणि गेटबद्दल माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. त्याला जोडून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 च्या निकालात खनिजाच्या विक्रीतले 10 टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले, पुढच्या पिढ्यांसाठी. तो निकाल लागला तो गोवा फाउंडेशन ह्या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर. म्हणजे जमिनीखालची संपत्ती पोराबाळांची आहे हे आता कुणाला पटवून द्यायला नको.

आणखी एक. खनिज बाहेर जाताना आपल्याच परदेशी कंपनीला कमी भावाने विकलं, तर नफा तिकडे दिसतो आणि इथला कर घटतो, रीत कॉफीच्या बियांसारखीच. पण तुमच्या गावची कंपनी असं करते असं पुराव्याशिवाय एका शब्दानेही लिहू नका. माहिती अधिकारात कंपनीचं कर विवरणपत्र मिळत नाही. शेअर बाजारात नोंद असेल तर वार्षिक अहवाल मात्र फुकट वाचता येतो. त्यात 'कंटिन्जंट लायबिलिटी' (पुढे कदाचित द्यावी लागणारी देणी) ह्या टिपेत करखात्याशी चाललेले वाद रकमेसह लिहिलेले असतात. ते पान छापून घ्या, त्यावर आपल्याकडचं काही लिहू नका.

पेडण्याची बाई

मी शिक्षिका होते. शाळा बंद होताना जवळून बघितलीय, म्हणून आधी शाळेचं बोलते. कराचं सगळं खरं, पण जूनला पट आणखी खाली गेला तर तुमच्या हातात काही उरणार नाही. आत्ताच वाड्यावरच्या पाच वर्षांच्या आतल्या मुलांची यादी करा, भाडेकरूंची, कामगारांचीही. त्यांची मुलं यादीत कुणी धरत नाही. शिक्षण हक्काच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे. विलीनीकरणाचा लेखी आदेश मागा, तोंडी सांगितलेलं मानू नका. आणि दोन मुलांना घेऊन तो चढणीचा रस्ता चालत जा, ट्रक येतात त्या वेळी, मोबाइलवर चित्रीकरण करत. ग्रामसभेत भाषणाआधी ते दाखवा.

डिचोलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही आया देवळाच्या मंडपात बसलो आणि यादी सुरू केली. बाईंनी सांगितलं तसंच निघालं, झारखंडहून आलेल्या एका कुटुंबाची दोन मुलं कुणाच्या हिशेबातच नव्हती. जानेवारीच्या रविवारच्या ग्रामसभेसाठी ठराव असा लिहिलाय:

"वाड्यावरची प्राथमिक शाळा विलीन करू नये. सकाळची बस पूर्ववत सुरू करावी. गेल्या पाच वर्षांत जिल्हा खनिज फंडातून ह्या गावासाठी किती रक्कम मंजूर झाली व किती खर्च झाली ते ग्रामसभेपुढे ठेवावं. समाजकामाच्या देणगीमुळे शाळा चालवण्याची सरकारची जबाबदारी कमी होत नाही, हे ग्रामसभा नोंदवते. कंपनी कराचे दर उतरवल्यामुळे राज्याच्या वाट्याला आलेली घट शिक्षण आणि वाहतूक ह्यांच्या खर्चातून भरून काढू नये, अशी शिफारस आमदारांमार्फत विधानसभेकडे पाठवावी."

काही चुकत असेल तर सांगा.

फोंड्याचा लेखापाल

चांगला आहे. फंडाच्या वाक्यात "लेखी" आणि "30 दिवसांत" हे दोन्ही घाला. ठराव आधीच पंचायत सचिवाकडे इनवर्ड करून पोच घ्या, नाहीतर "विषयपत्रिकेत नाही" म्हणून बाजूला ठेवतील. तेच प्रश्न माहिती अधिकारात 10 रुपये भरून त्याच दिवशी खाण खात्याकडेही टाका. ग्रामसभेचा इतिवृत्तान्त वाचून झाल्याशिवाय कुणी उठून जाऊ नका.

उसगावचा ट्रकवाला

रविवार कोणता ते सांगा. त्या सकाळी ट्रक लावून येतो, आणखी चौघांना सांगितलंय.