प्रति: लाकडी फर्निचरचे छोटे कारागीर मागे का पडतात?

वर बहुतेकांनी प्लायवूडच्या स्वस्ताईवर बोट ठेवलं आहे. ते खरंच आहे, पण छोट्या कारागिराचा गळा त्याआधी, लाकूड वाळवण्यातच आवळला जातो.

उघड्यावर रचून वाळवायचं तर ढोबळमानाने एक इंच जाडीला एक वर्ष लागतं. तेवढा काळ पैसा आणि जागा अडकते. घाईत 18-20 टक्के ओलाव्याचं लाकूड वापरलं, की घरात ते 10-12 टक्क्यांपर्यंत सुकतं आणि सांधे सैल होतात. म्हणून ओलावा मोजूनच लाकूड वापरावं. पण ओलावा मोजायचं मीटर फळीच्या टोकाला लावू नये, टोक आधी सुकतं. टोकापासून फूटभर कापून ताज्या कापावर, मधोमध मोजावं.

वाळलेलं लाकूडही हलतंच. 90 सेंमी रुंद सागवानी टेबलात ओलावा 4 टक्के बदलला तर रुंदी 4 ते 7 मिमीने बदलते (ओंडक्यातून फळी कशी कापली आहे त्यावर अवलंबून), लांबी जवळपास नाही. तरी वरची फळी चौकटीला घट्ट स्क्रूने किंवा सरसाने जखडलेली सर्रास दिसते. मग ती तडकते आणि दोष लाकडाला दिला जातो! भोकं रुंदीच्या दिशेने लंबगोल ठेवा, फळी मोकळी सरकू द्या.

फर्निचरचा दर काढताना कारागीर वाया जाणारं लाकूड धरतच नाहीत, हे मला सर्वांत जास्त खुपतं. गाठी, भेगा, रंधा धरून खरबरीत फळ्यांपैकी तिसरा हिस्सा सहज जातो. घनफूट खरेदीचेच मोजा, तयार मापाचे नकोत.