बेटाला वेगळा खासदार हवा की नको? (वेल्समधला अनिस मोन मतदारसंघ)

सागरवाट:
वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी बेट आहे. वेल्श भाषेत ते अनिस मोन, आणि ब्रिटिश संसदेतल्या मतदारसंघाचं नावही तेच. २०२४ च्या निवडणुकीआधी फेररचना झाली, वेल्सच्या जागा ४० वरून ३२ वर आल्या. बाकीच्यांना किमान ६९,७२४ मतदारांची अट होती. इथे जेमतेम ५२ हजार, तरी २०२० च्या कायद्याने बेट एकसंध ठेवलं. माझ्या मते हे अगदी योग्य झालं.

मी बेटासमोरच्या मुख्य भूमीवर, बंगोरला, तीन वर्षं राहिले, म्हणून पोटतिडकीने लिहितेय. ऑक्टोबर २०२२ मध्ये बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा मेनाईचा झुलता पूल, १८२६ सालचा, एका दुपारी एकाएकी बंद केला. सगळी वाहनं दुसऱ्या, ब्रिटानिया पुलावर, तिथे जायला एक पदर, यायला एक. मोठं इस्पितळ बंगोरला. बेटावरची माझी मैत्रीण आईला तपासणीला आणायची तेव्हा डबा, पाणी, औषधं गाडीत घेऊनच निघायची, रांगेत किती वेळ जाईल नेम नसे. पूल उघडला फेब्रुवारीत. अशा वेळी लंडनमध्ये फक्त बेटासाठी बोलणारं माणूस लागतं.

आकडेमोड:
ताई, मैत्रिणीचे हाल खरेच. पण ती रांग बंगोरच्या बाजूलाही होतीच ना? पूल दोन्ही काठांचा. सरासरी मतदारसंघ ७३ हजारांचा, म्हणजे बेटावरची ५ मतं मुख्य भूमीवरच्या ७ मतांच्या तोडीची झाली. हा अन्याय कुणी का सोसायचा? ब्रेकन, रॅडनॉर आणि कुम टावे बघा: क्षेत्रफळाने वेल्समधला सर्वात मोठा मतदारसंघ, डोंगरात विखुरलेली वस्ती. त्यांना सवलत नाही.

पिंपळपान:
आपल्याकडे लक्षद्वीपला साठ हजारांच्या आत मतदार आहेत, तरी स्वतंत्र खासदार आहे. त्यावर कुणी हरकत घेत नाही.

आकडेमोड:
लक्षद्वीपला पूल नाही. केरळच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर समुद्र आहे. अँगलसीला दोन पूल आहेत, रेल्वे आहे. तुलना जमत नाही.

सागरवाट:
पूल असला तरी बेटाचे प्रश्न बेटाचेच राहतात. विल्वाचं अणुवीज केंद्र २०१५ मध्ये बंद झालं. हिताचीने तिथला नवा प्रकल्प २०१९ मध्ये थांबवला आणि पुढच्या वर्षी सोडला. रोजगारासाठी पोरं बेटाबाहेर जाणार, मग गावात वेल्श बोलणार कोण? निम्म्याहून जास्त लोक ती भाषा बोलतात तिथे. म्हणून प्रत्येक उमेदवाराला विल्वावर बोलावंच लागतं. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये छोट्या अणुभट्ट्यांसाठी विल्वाची निवड झाली. ७३ हजारांच्या मतदारसंघात हा एका कोपऱ्याचा विषय झाला असता.

जुनीनोंद:
या मतदारांनी कुणालाच जागा आंदण दिलेली नाही. १९२९ ते १९५१ लिबरल पक्षाच्या मेगन लॉईड जॉर्ज, वेल्सच्या पहिल्या महिला खासदार. मग मजूर, हुजूर, प्लाइड कम्री (वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष), पुन्हा मजूर, पुन्हा हुजूर. गंमत अशी की १९५१ नंतर इथे विद्यमान खासदार कधी पडला नव्हता. २०२४ मध्ये व्हर्जिनिया क्रॉस्बी पडल्या: प्लाइड कम्रीच्या लिनोस मेडी १०,५९०, क्रॉस्बी ९,९५३. फरक ६३७.

आकडेमोड:
म्हणजे साडेबत्तीस टक्क्यांत खासदार! आणि कार्डिफच्या सेनेदसाठी, म्हणजे वेल्सच्या स्वतःच्या संसदेसाठी, २०२६ पासून हेच बेट बंगोर-कॉन्वीला जोडलंय. तिथे चालतं, मग लंडनसाठी का नाही?

सागरवाट:
कारण सेनेदच्या त्या मतदारसंघातून सहा जण निवडून जातात, मतांच्या प्रमाणात. बेटाचा माणूस त्यात येऊ शकतो. वेस्टमिन्स्टरला एकच जागा. ती मुख्य भूमीच्या मतांवर ठरली, की बेटाच्या वाट्याला काहीच उरत नाही. मतांच्या किमतीचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, ५ आणि ७ हा फरक आहेच. तो मी बेटासाठी सोसायला तयार आहे, आणि बंगोरची मतदार म्हणून सोसलाही आहे.